संपवाल्या फिशटँकचा आवाज कसा घालवायचा: ओव्हरफ्लोपासून रिटर्न पंपापर्यंत

संप म्हणजे टँकखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरच्या टँकमधलं पाणी काठावरून ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पडतं, तिथून ड्रेन पाइपाने संपमध्ये उतरतं, आणि संपमधला रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. रात्री घर शांत झालं की टँकची खळखळ कानात भरते, आणि वैतागून हात जातो तो ड्रेन पाइपच्या व्हॉल्व्हकडे. जरा आवळला की आवाज उतरतो, हे खरं. पण टँकला ड्रेन एकच असेल तर हे चुकूनही करू नका. आवळलेल्या पाइपात एखादी गोगलगाय किंवा पानाचा तुकडा अडकला, तर खालचा पंप पाणी वर ढकलतच राहतो आणि ते काठावरून जमिनीवर येतं. आवाज सुरक्षितपणे घालवता येतो, पण त्यासाठी तो कशामुळे होतोय हे आधी कळायला हवं.

टँकमधला पाण्याचा आवाज म्हणजे बहुतेक वेळा हवेचा आवाज असतो. तुडुंब भरून वाहणारा पाइप जवळजवळ मुका असतो. पाणी खाली आणि हवा वर अशी एकाच वाटेत दोघांची झटापट सुरू झाली की गुडगुड होते. भरलेली बाटली उपडी केल्यावर होतं तेच. म्हणून ड्रेनच्या बाबतीत उपाय दोनच उरतात: हवेला तिची वेगळी वाट द्यायची, नाहीतर पाइपातून हवा पूर्ण हाकलायची. पुढे येणाऱ्या सगळ्या रचना या दोहोंपैकी एका तत्त्वावर चालतात.

आधी आवाज ओळखा

खोलीतले बाकीचे आवाज बंद करा आणि रिटर्न पंप बंद करा. पंप थांबल्यावरही ओव्हरफ्लोतून मिनिटभर पाणी खाली येत राहतं. एवढ्या वेळात बरंच कळतं. घुमणं त्याच क्षणी थांबलं तर तो पंपाचा आवाज होता. खळखळ हळूहळू विरत गेली तर ती पाण्याची.

मग पंप पुन्हा सुरू करून एकेक जागी कान द्या. ओव्हरफ्लो बॉक्सच्या तोंडाशी सतत गुडगुड किंवा सुरसुर असेल तर पाइप पाण्यासोबत हवा ओढतोय. बॉक्समधली पातळी वर चढते, मग एकदम घळ्ळकन खाली जाते आणि पुन्हा चढू लागते, असं आलटून पालटून होत असेल तर पाइपात सायफन (हवेशिवाय तुडुंब भरलेला पाइप पाणी स्वतःहून खेचतो ती स्थिती) तयार होऊन तुटतोय. हा सगळ्यांत त्रासदायक आवाज, कारण त्याला ताल असतो आणि कान पुढच्या वेळेची वाट बघत राहतो. सरळ धबधब्यासारखा आवाज असेल तर बॉक्समधलं पाणी काठापेक्षा फार खाली आहे. संपमध्ये बुडबुड असेल तर ड्रेनचं खालचं टोक तपासायचं. कपाटाच्या लाकडाला तळहात लावल्यावर थरथर जाणवली तर कंप पंपापासून पाइपातून किंवा तळातून लाकडात शिरतोय.

एका टँकमध्ये यातले तीन-चार आवाज एकत्र असू शकतात. मोठा आवाज गेल्यावर त्याखाली दबलेला दुसरा ऐकू यायला लागतो. तेव्हा पहिला उपाय फसला असं समजू नका.

प्रवाह मोजा, आणि गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करा

हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि बहुतेक जण तोच सोडून देतात. संपमधून तासाला टँकच्या आकारमानाच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरलं तरी गाळणीला पुरेसं होतं. २०० लिटरच्या टँकला ताशी ६०० ते १००० लिटर. प्रवाळांसाठी किंवा माशांसाठी जोरदार लाटा हव्या असतील तर त्या टँकमध्येच वेव्हमेकर लावून मिळवा. त्यासाठी ड्रेनवर बोजा टाकण्यात अर्थ नाही.

पंपाच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी मीटर-सव्वा मीटर वर चढवताना तो बराच घसरतो, म्हणून प्रत्यक्ष मोजा. रिटर्नच्या तोंडाखाली ५ लिटरचं भांडं धरा आणि भरायला लागणारी सेकंदं मोजा. १८ सेकंद लागले तर ताशी १००० लिटर, ९ लागले तर २०००. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या आणि आकडा लिहून ठेवा. पुढे ड्रेन आखताना तो लागेलच.

प्रवाह कमी करायचा तर डीसी पंपाचा वेग कंट्रोलरवरून उतरवा. साधा एसी पंप असेल तर त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवून तो आवळा. इथे आवळणं सुरक्षित आहे, कारण त्याने टँकमध्ये येणारं पाणी कमी होतं. पंपाची शोषणारी बाजू मात्र कधीही आवळू नका. पंपाला पाणी अपुरं पडतं, तो खरखरतो आणि लवकर झिजतो.

बॉक्समधला धबधबा

टँकचं पाणी दातेरी काठावरून ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पडतं. आतली पातळी काठाच्या २० सेंमी खाली असेल तर तो छोटा धबधबाच आहे, आणि काचेचा बंद बॉक्स तो आवाज घुमवून मोठा करतो. आतली पातळी दातांच्या तळापासून २-३ सेंमी खाली आणली की हा आवाज जवळपास संपतो. त्याहून वर नेऊ नका. थोडा चढउतार सामावायला जागा लागते, आणि आतलं पाणी काठाला टेकलं की टँकची पातळीही वर सरकू लागते. बॉक्समधली पातळी ठरते ती उभ्या ड्रेन पाइपच्या उंचीवर किंवा व्हॉल्व्हवर. दोन्ही पुढे येतंय.

काठाची लांबीही महत्त्वाची. २५ सेंमी सलग काठावरून ताशी २००० लिटर जात असतील तर काठावर पाण्याचा थर सुमारे ११ मिमी असतो. दातांनी निम्मी जागा अडवली तर तोच थर १८ मिमीपर्यंत जातो. ६० सेंमी लांब काठावर तेवढंच पाणी जेमतेम ६ मिमी थरात उतरतं आणि बॉक्सच्या भिंतीला चिकटून शांतपणे घसरतं. नवा टँक करून घेत असाल तर काठ लांब मागा. असलेल्या टँकवर हे बदलता येत नाही, तिथे प्रवाह आणि पातळी याच दोन गोष्टी हातात आहेत.

बॉक्सवर अॅक्रिलिकचं झाकण टाकलं तर उरलेला आवाज बराच दबतो. मात्र हवेसाठी एका कडेला फट ठेवा. धबधबा दाबायला बॉक्समध्ये स्पंज कोंबायचा प्रकार आम्हाला अजिबात पसंत नाही. काही दिवसांत तो गाळाने तुंबतो आणि पाण्याची वाटच अडवतो.

एकच ड्रेन असेल तर: ड्युर्सो

तळाला एकच छिद्र असलेल्या टँकसाठी ड्युर्सो पाइप हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. यात हवेला वेगळी वाट मिळते. टँक कनेक्टर (छिद्रात बसवून पाइप जोडायचा भाग) १ इंची असेल तर उभा पाइप सव्वा इंची घ्या, म्हणजे एक साइज मोठा. पाइप भरून वाहू नये, पाणी आतल्या भिंतीला चिकटून उतरावं आणि मधोमध हवेची पोकळी राहावी म्हणून ही मोठी साइज. पाण्याने पाइपच्या छेदाचा साधारण एक-तृतीयांश भाग व्यापला तोवर ही पोकळी टिकते, त्यापुढे पाणी पोकळी बंद करू लागतं आणि गडबड सुरू होते.

सामान मोजकंच: सव्वा इंची पीव्हीसी पाइप, कनेक्टरला जोडणारा सव्वा बाय एकचा रिड्यूसर, एक टी (तीन तोंडांचा जोड), एक ९० अंशांचा एल्बो, एक कॅप, एक गाळणी. पाइपच्या वरच्या टोकाला टी बसवा. टीच्या बाजूच्या तोंडाला एल्बो लावून त्याचं तोंड खाली वळवा आणि तिथे गाळणी लावा. टीच्या वरच्या तोंडावर कॅप. एल्बोचं तोंड पाण्याखाली राहत असल्याने पाणी आत जाताना पृष्ठभागावरची हवा ओढली जात नाही. हवा येते ती फक्त कॅपच्या छिद्रातून, आपण ठरवू तेवढी. बॉक्समधलं पाणी टीच्या बाजूच्या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा थोडं वर स्थिरावतं, तेव्हा त्या हिशेबाने पाइप कापा. आधी २ सेंमी लांबच कापा. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

बॉक्सच्या आतले सांधे सॉल्व्हंटने चिकटवायची गरज नाही. दाबून बसवा. थोडं झिरपलं तरी ते बॉक्समध्येच, आणि साफसफाईला पाइप सुटा करता येतो. टँकच्या खालचा प्रत्येक सांधा मात्र सॉल्व्हंट लावून चिकटवायचा आणि पाणी सोडण्याआधी पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा. कनेक्टरची रबर वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला येते. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. पान्ह्याने जोर लावला तर वॉशर सरकते किंवा काच तडकते.

आता जुळवणी. कॅपला ३ मिमी छिद्र पाडा, पंप सुरू करा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी चढून घळ्ळकन उतरत असेल तर हवा कमी पडतेय, छिद्र अर्धा-अर्धा मिमी वाढवत जा. प्रत्येक वेळी पुन्हा दहा मिनिटं. पातळी एका जागी ठरली पण पाइपात खळखळ जास्त वाटतेय, तर हवा जास्त होतेय. रोज ड्रिल घेऊन बसायचं नसेल तर कॅपला एअरलाइनची नळी बसवून तिला प्लॅस्टिकचा छोटा हवेचा व्हॉल्व्ह लावा. तो फिरवत फिरवत अशी जागा सापडते जिथे घळ्ळ बंद झालेलं असतं आणि खळखळ अजून सुरू झालेली नसते. त्या जागी थांबा. छिद्रातून सूं असा आवाज येत असेल तरी हीच नळी उपयोगी पडते: १५-२० सेंमी लांब ठेवून टोक पाण्यापासून दूर वळवा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. १ इंची कनेक्टरवरचा ड्युर्सो ताशी हजार-बाराशे लिटरपर्यंत खरोखर शांत चालतो. दोन हजार लिटर तो वाहून नेईलही, पण आवाज करेल, मग छिद्राशी कितीही खेळा. तेवढं पाणी शांतपणे उतरवायचं तर दुसरा ड्रेन हवा.

दोन छिद्रं असतील तर: हर्बी

दोन छिद्रांच्या टँकमध्ये सहसा एक ड्रेन आणि एक रिटर्न असतो. रिटर्न पाइप टँकच्या मागच्या काठावरून वळवून आणला तर दोन्ही छिद्रं ड्रेनसाठी मोकळी होतात. आमच्या मते आवाजाचा खरोखर कंटाळा आला असेल तर हा बदल करण्यासारखा आहे, कारण फरक फार मोठा पडतो.

हर्बी नावाच्या या रचनेतला मुख्य पाइप पूर्ण सायफनवर चालतो, त्यात हवा नसतेच. दुसरा पाइप आणीबाणीचा. मुख्य पाइपावर संपजवळ, हात पोचेल तिथे गेट व्हॉल्व्ह बसवा. बॉल व्हॉल्व्ह चालत नाही. तो पाव फेऱ्यात उघडझाप करतो, आणि इथे लागणारी जुळवणी केसाएवढी असते. गेट व्हॉल्व्हला बंदपासून उघडेपर्यंत अनेक फेरे असतात. तो पीव्हीसीचाच घ्या. पितळी व्हॉल्व्हमधलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि प्रवाळ, झिंगे, गोगलगाई यांना घातक ठरतं. व्हॉल्व्हच्या वर युनियन टाका, म्हणजे साफ करायला पाइप उघडता येतो. आणीबाणीच्या पाइपावर व्हॉल्व्ह, गाळणीची बारीक जाळी, काहीही नको.

उंची अशी: मुख्य पाइपचं तोंड पाण्याच्या ठरवलेल्या पातळीखाली १२ ते १५ सेंमी. तोंड वर राहिलं तर त्यावर भोवरा बनतो आणि त्याच्या टोकातून हवा आत जाते. आणीबाणीच्या पाइपचं तोंड दातांच्या तळापासून २-३ सेंमी खाली.

छिद्रं १ इंच आणि पाऊण इंच अशी असतील तर कोणतं कशाला? सायफनला पाइप पूर्ण भरून मिळतो, त्यामुळे छोटा पाइपही खूप वाहून नेतो. ७० सेंमी उतारावर (म्हणजे बॉक्समधल्या आणि संपमधल्या पाण्याच्या उंचीतला फरक) १ इंची सायफन ताशी ३००० लिटरच्या आसपास जातो. प्रवाह ताशी १५०० लिटरच्या आत असेल तर आम्ही पाऊण इंची पाइप सायफनला आणि १ इंची आणीबाणीला देऊ. बुडायची वेळ आली तर मोठा पाइप मोकळा असलेला बरा. निवड कशीही करा, खाली दिलेली चाचणी उत्तीर्ण झालीच पाहिजे.

जुळवणीच्या पायऱ्या:

१. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पंप सुरू करा. पाणी चढेल, मुख्य पाइपातली हवा खाली ढकलली जाईल, संपमध्ये मोठे बुडबुडे येतील. हा गोंधळ मिनिट-दोन मिनिटं चालतो, तो प्रत्येक वेळी पंप सुरू केल्यावर होणार.

२. सायफन धरला की बॉक्समधली पातळी झपाट्याने खाली जाईल आणि पाइप हवा ओढायला लागेल. आता व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा बंद करा. पातळी वर चढू लागली की फेरे आणखी बारीक करा.

३. पातळी आणीबाणीच्या पाइपच्या तोंडाशी आली आणि त्यातून करंगळीपेक्षा बारीक धार आतल्या भिंतीला चिकटून उतरू लागली की थांबा. ती धार घरंगळते, आवाज करत नाही.

४. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे उघडा आहे ते लिहून ठेवा.

तिसऱ्या पायरीतली बारीक धार का ठेवायची, हे समजून घेण्यासारखं आहे. सायफनमधला प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ७० सेंमीच्या उतारावर बॉक्समधली पातळी ५ सेंमी चढली तरी प्रवाह फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ताशी १००० लिटरला तो फरक ३५ लिटर. म्हणजे पंपाने जरा जास्त पाणी दिलं की पातळी चढतच जाते, आणि कमी दिलं की उतरत उतरत पाइप हवा ओढायला लागतो. पातळी दोन्ही तोंडांच्या मध्ये कुठेतरी अधांतरी ठेवण्याचा प्रयत्न म्हणूनच रोज बिघडतो. बारीक धार असली की हा कमीजास्त फरक ती स्वतःवर घेते, आणि व्हॉल्व्हला आठवडेच्या आठवडे हात लावावा लागत नाही.

तीन छिद्रं असतील तर बीनअॅनिमल रचना करता येते: एक व्हॉल्व्हवाला सायफन, दुसरा ही बारीक धार वाहणारा पाइप, तिसरा पूर्ण कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. दुसऱ्या पाइपाच्या कॅपमधून एअरलाइनची नळी काढून तिचं टोक नेहमीच्या पातळीच्या दोन-एक सेंमी वर ठेवतात. सायफन तुंबला तर पाणी चढून ते टोक बुडतं, हवा बंद होते आणि दुसरा पाइप आपोआप सायफन होऊन सगळं पाणी ओढतो. मोठ्या टँकला याहून निर्धास्त रचना नाही.

तळाला छिद्रच नसलेल्या टँकवर काठाला अडकवायचा ओव्हरफ्लो लावतात. त्याच्या उलट्या यू नळीत हवा साठत गेली तर सायफन तुटतो आणि टँक भरून वाहतो. तिथे प्रवाह फार मंद ठेवू नका, बुडबुडे वाहून जातील इतका वेग नळीत हवाच. आणि त्याचा ड्रेन कधीही आवळू नका.

ड्रेनचं खालचं टोक

वर सगळं जुळलं तरी संपमध्ये बुडबुड सुरूच, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा इथे असतो. सायफनच्या पाइपचं टोक संपच्या पाण्यात १ ते २ सेंमीच बुडवा. १० सेंमी बुडवलं तर पंप सुरू करताना पाइपातली हवा तेवढं पाणी बाजूला सारून बाहेर पडू शकत नाही, सायफन धरत नाही, आणि पाणी बराच वेळ आणीबाणीच्या पाइपातून धो धो येत राहतं. सुरुवातीचा गोंधळ तीन मिनिटांत थांबत नसेल तर पहिली शंका याचीच घ्या, दुसरी वाटेतल्या आडव्या पाइपाची. आडवा भाग टाळता येत नसेल तर त्याला सतत उतार द्या, आणि वळणं ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांच्या दोन एल्बोंनी घ्या. घड्यांचा लवचीक पाइप ड्रेनला वापरू नका, त्याच्या प्रत्येक घडीवर पाणी ठेचकाळतं.

ड्युर्सोचं खालचं टोक वेगळं वागतं, कारण त्यातून हवा येणारच असते. ती पाण्याखाली सोडली तर बुडबुडे फुटणार. पाण्याच्या जरा वर पाइपात एक टी टाका, टीच्या मोकळ्या तोंडाला १५-२० सेंमी उभा पाइप लावून तो वर उघडा ठेवा. हवा तिथून निघून जाते, पाणी तेवढं खाली उतरतं. टोक इथेही पाण्यात सेंमी-दोन सेंमीच बुडलेलं हवं.

आणीबाणीच्या पाइपचं टोक उलट पाण्याच्या वर ठेवा. त्यातून भरपूर पाणी यायला लागलं की मोठा आवाज झालाच पाहिजे, काहीतरी तुंबल्याचा तोच इशारा आहे. हर्बीमधली बारीक धार त्रास देत असेल तर पाइपचं टोक संपच्या भिंतीला टेकेल असं वळवा, ती भिंतीवरून उतरेल.

संपमधली पातळी

चार दिवस शांत, मग आवाज वाढत जातो, आणि पाणी भरलं की पुन्हा शांत, असं होत असेल तर ते बाष्पीभवन आहे. संपमध्ये आडव्या काचांनी कप्पे केलेले असतात. उडून गेलेलं पाणी सगळं शेवटच्या, म्हणजे पंपाच्या कप्प्यातून कमी होतं. बाकीच्या कप्प्यांची पातळी काचेच्या उंचीने बांधलेली असते. त्यामुळे शेवटच्या काचेवरून पडणारं पाणी रोज थोडं जास्त उंचीवरून पडतं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं उपकरण) लावून पातळी काचेच्या काठाखाली २ सेंमीच्या आत ठेवा. तो नसेल तर कप्प्यावर दोन खुणा करा आणि रोज हाताने भरा. टॉप-ऑफ गोड्या पाण्यानेच करायचा, टँक खाऱ्या पाण्याचा असला तरी, कारण मीठ उडून जात नाही.

पंपाच्या शोषणाऱ्या तोंडावर १० सेंमी तरी पाणी राहू द्या. त्याखाली भोवरा बनतो आणि पंप हवा गिळतो: वर टँकमध्ये पिठासारखे बारीक बुडबुडे, खाली खरखर.

पंप आणि कपाट

पंपाचा कंप तीन वाटांनी बाहेर येतो: तळातून, पाइपातून आणि वायरमधून. पंपाखाली जाड सिलिकॉनची किंवा बंद छिद्रांच्या फोमची चकती ठेवा आणि पंप संपच्या कोणत्याही काचेला टेकत नाही हे बघा. पंप आणि कडक पीव्हीसी यांच्यामध्ये २०-३० सेंमी मऊ सिलिकॉन नळी टाका. या एका बदलाने घुमणं निम्म्याहून कमी झाल्यासारखं वाटतं, कारण कडक पाइप कंप सरळ कपाटाला पोचवतो. पाइप जिथे लाकडातून जातो तिथलं छिद्र मोठं करून भोवती फोम भरा, क्लॅम्पखाली रबराची पट्टी घाला. संपखालीही १० मिमी फोम असावा.

खरखर नवीन असेल तर पंप पाण्यातच तिरका करून अडकलेली हवा सोडा. जुना पंप खरखरत असेल तर उघडा. इम्पेलरवर (पंपात फिरणारं पातं), त्याच्या खोबणीत चुना किंवा पांढरा क्षार बसलेला असतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तासभर भिजवा, मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. सिरॅमिक दांडा हलक्या हाताने काढा, तो काचेसारखा तुटतो. दांडा किंवा बुश झिजून इम्पेलर डुगडुगत असेल तर तो भाग बदलणं हाच इलाज.

कपाटाच्या आत दाराला आणि बाजूंना फोम चिकटवता येतो, पण मागची बाजू किंवा वरची फट मोकळी ठेवा. बंद कपाटात उष्णता आणि दमटपणा साठून लाकूड फुगतं, वीजजोड गंजतात. आधी उगमाचा आवाज घालवा आणि फोमचा विचार सगळ्यांत शेवटी करा.

टँक चालू ठेवून निर्धास्त होण्याआधी दोन चाचण्या

पाण्यात हात घालण्याआधी वीज बंद. टँकच्या वीजजोडावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

पहिली चाचणी, आणीबाणीचा पाइप असलेल्या टँकसाठी: पंप सुरू असताना मुख्य ड्रेनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि तिथेच उभे राहा. पाणी चढेल, आणीबाणीचा पाइप ते घ्यायला लागेल, आणि टँकची पातळी टँकच्या वरच्या काठाखाली थांबली पाहिजे. थांबत नसेल तर लगेच पंप बंद. प्रवाह कमी करा किंवा आणीबाणीचा पाइप मोठा करा, आणि चाचणी पुन्हा घ्या.

दुसरी चाचणी: पंप बंद करा, म्हणजे वीज गेल्याची स्थिती. टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या दातेरी काठापर्यंत, आणि रिटर्नचं तोंड बुडलेलं असेल तर त्या तोंडापर्यंत, खाली येतं. १२० बाय ४५ सेंमीच्या टँकमध्ये १ सेंमी म्हणजे ५.४ लिटर. अडीच सेंमी उतरलं तर साडेतेरा लिटर, वर २० बाय १५ सेंमीच्या बॉक्समधलं १५ सेंमी पाणी, म्हणजे साडेचार लिटर, शिवाय पाइपातलं. अशा टँकला संपमध्ये २५ लिटर जागा रिकामी हवी. रिटर्नचं तोंड ५ सेंमी खोल असेल तर टँकमधूनच २७ लिटर उतरतील. म्हणून ते पृष्ठभागाच्या जेमतेम १-२ सेंमी खाली ठेवा, किंवा पाण्याच्या पातळीखाली लगेच ३-४ मिमीचं सायफन तोडणारं छिद्र पाडा. छिद्र पाण्याखालीच राहू द्या, वर आलं तर तिथून फवारा उडतो आणि फिस्स असा नवा आवाज सुरू होतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) भरवसा ठेवू नका, एक शंखही त्याचं झाकण उघडं ठेवायला पुरतो.

आवाज परत आला तर

काही महिन्यांनी तो परत येतोच, आणि कारणं ठरलेली असतात. ड्युर्सोत घळ्ळ सुरू झालं तर कॅपचं छिद्र मीठाने किंवा चुन्याने बुजलंय, टाचणीने मोकळं करा. दर महिन्याला बघितलं तर ही वेळ येत नाही. हर्बीमध्ये आणीबाणीची धार जाड झाली तर मुख्य पाइपात शेवाळ किंवा गोगलगाय आहे: व्हॉल्व्ह मिनिटभर पूर्ण उघडा, बरंचसं वाहून जातं, मग लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर परत आणा. पंप धुतल्यानंतर धार जाड झाली तर काही तुंबलेलं नाही, पंपाचा मूळ जोर परत आलाय, व्हॉल्व्ह किंचित उघडा. फिल्टर सॉक (संपमधली गाळ अडवणारी कापडी पिशवी) भरला की पाणी त्याच्या काठावरून सांडून आवाज करतं, तो तीन-चार दिवसांनी बदला. आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही धार बारीक होत नसेल तर पंप बंद करून युनियन खोला, अडकलेली वस्तू बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या तोंडाशीच सापडते.